आचाऱ्याचं शिफारसपत्र

“इन्डोलंट म्हणजे काय हो, बाई?” आचाऱ्याने चिठ्ठी पुढे केली.

शाळेतून निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या बाईंनी चष्मा वर सरकवला. “आळशी. पण असलं जुनंपानं इंग्रजी आता लिहितं कोण? कुठून आणता हे शब्द?”

“असंच आपलं,” म्हणत आचारी हसला.

शब्द त्याच्याच पेटीतल्या पत्रातले होते. पहिली नोकरी सुटली तेव्हा बंगल्यावरच्या साहेबांनी त्याच्या स्वभावाविषयी ते लिहून दिलं होतं. त्याच्याच जोरावर त्याला कॅन्टीनमध्ये काम मिळालं, त्याला आता बावीस वर्षं झाली. अक्षरं लागायची, अर्थ मात्र नाही. आता त्याच्या मुलीला इस्पितळात नोकरी मिळत होती, फक्त चांगल्या वर्तणुकीचं पत्र हवं होतं. तीही दुपारी कॅन्टीनमध्येच वाढायला असायची, तेव्हा पत्र मालकच देणार. त्याआधी साहेबांनी आपले काय काय गुण गायलेत ते बघावं, असं आचाऱ्याच्या मनाने घेतलं. अख्खं पत्र दाखवायला मात्र तो लाजत होता. आपलीच पाठ आपण कशी थोपटायची?

‘आळशी नाही’ असंच लिहिलं असणार, त्याने स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी तो ‘मेन्डेशस’ घेऊन आला.

“खोटारडा,” बाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी ‘इन्सोलंट’.

“उर्मट. अहो, कुणी कुणाला एवढी लाखोली वाहिलीय?” बाईंना राहवेना.

चौथ्या दिवशी आचाऱ्याने पत्रच पुढे ठेवलं. बाईंनी ते दोनदा वाचलं. औषधालाही चांगला शब्द नव्हता. ‘या माणसाला उंबऱ्याच्या आत घेऊ नये,’ हे शेवटचं वाक्य.

“एकदाच उलट बोललो होतो हो साहेबांना,” आचारी पुटपुटला. शरमेने त्याचे कान तापले. म्हणजे मालकांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं? मग असल्या बापाच्या पोरीला ते चांगलं कशाला म्हणतील?

तो तडक मालकांकडे गेला.

“मालक, मला ठेवताना ते पत्र वाचलं होतंत?”

“अथपासून इतिपर्यंत! त्याची प्रत अजून माझ्या कपाटात आहे.”

“मग ठेवलंत कसं?”

“अरे, केवढं वजनदार इंग्रजी! एक शब्द कळला असेल तर शपथ. पण म्हटलं, एवढ्या मोठ्या साहेबाने एवढे भारी शब्द खर्चलेत, म्हणजे माणूस सोन्यासारखाच असणार. आणि निघालासही तसाच.”

आचाऱ्याचा जीव भांड्यात पडला. त्याचे डोळेच भरून आले. “मग मालक, आमच्या पोरीच्या पत्राचं तेवढं...”

“ते कालच पाठवलं की इस्पितळात!” मालक खुशीत म्हणाले. “मला कुठलं सुचायला असं इंग्रजी? तुझंच जसंच्या तसं उतरवलं, नाव तेवढं तिचं घातलं.”