सोडू का?

निकेशने जुन्या पाईपाला कटर लावला, तसे खड्ड्याच्या काठावर बसलेल्या इस्तारीने कान दाबून धरले. एकतीस वर्षं व्हॉल्वची लांब लोखंडी चावी कानाला लावून त्याने याच लायनीतलं पाणी ऐकलं होतं. आता ती लायन भर उन्हात कापली जात होती आणि त्याला ते बघवत नव्हतं.

लायन कालपासून कोरडी होती. पाईपाचा हातभर तुकडा खाली पडला. आत बोटभर गंज.

"अरे बापरे! हेच पानी पिऊन राह्यलो होतो आपन?" निकेश थुंकला. "आता प्लास्टिकचा टाकला का झालं काम."

"प्लास्टिक मुकं असते," इस्तारी म्हणाला. "त्यातून ठोके जात नाई."

"कसले ठोके, भाऊ?" महापालिकेची नवी इंजिनीअर दिव्यानी वरून वाकून बघत होती.

"वर टाकीवर मंगरू, खाली व्हॉल्ववर मी. तवा मोबाईल कुठी होते, मॅडम? त्यानं पाईपावर दोन ठोके मारले का समजाचं, तो विचारते, 'सोडू का?' माहा एक ठोका म्हंजे 'सोड'. तीन म्हंजे 'थांब'."

"मंगरूभाऊ म्हणजे पोळ्याच्या वक्ताला वारले ते?"

"तेच."

पुढचं त्याने सांगितलं नाही. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मंगरू गेला, टाकी बटणावर चालू लागली, तिथल्या खोलीला कुलूप लागलं. तरी रोज सकाळी सहाला दोन ठोके येतच होते. पहिल्या दिवशी इस्तारीच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग त्याने तीन ठोके दिले. तेव्हापासून रोज तीनच. एकदा 'सोड' म्हटलं तर उद्या तो विचारायला कशाला येईल? जिवाभावाचा माणूस असा एका ठोक्यात कोण घालवतो हो?

आज मात्र तो मन घट्ट करून आला होता. लायन तुटायच्या आत एक ठोका द्यायचा, बिचाऱ्याला मोकळं करायचं. पण सकाळी दोन ठोके आले आणि हाताने पुन्हा तीनच दिले. आता पाईपाचे दोन तुकडे झाले होते. मंगरू त्या कुलूपबंद खोलीत जवाबाची वाट बघत कायमचा उभा राहणार होता, आणि तो इस्तारीमुळे.

टण्. टण्.

निकेशने हातातल्या कटरकडे पाहिलं. तो बंद होता.

"कोन वाजवून राह्यलं बे?"

आवाज पाईपाच्या टाकीकडच्या कापलेल्या तोंडातून आला होता. "वर तर कुणीच नाही," दिव्यानी म्हणाली. "खोलीची चावी माझ्याजवळ आहे." तिने पर्स चाचपून पाहिली.

इस्तारी धडपडत खड्ड्यात उतरला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि कोण बघतंय याची त्याला पर्वा नव्हती.

"चुकलो रे बाप्पा. लय दिवस अडकवून ठेवलं तुले." त्याने व्हॉल्वची चावी उचलली आणि टाकीकडच्या तुकड्यावर एकच ठोका मारला.

आधी लांब कुठंतरी घरघर झाली. मग भरल्या पाईपातून पाणी धावतं तसा आवाज उतारावरून खाली येऊ लागला. निकेश कटर टाकून वर चढला. "भाऊ, बाहेर या!" दिव्यानी ओरडली. इस्तारी हलला नाही. आवाज कापलेल्या तोंडापर्यंत आला आणि थांबला. थेंबसुद्धा पडला नाही. तळाची माती कोरडीच राहिली.

मग दुसऱ्या तोंडात, वस्तीकडच्या पाईपात, तोच आवाज सुरू झाला आणि लहान लहान होत खाली निघून गेला.

इस्तारीच्या खिशातला मोबाईल वाजला. घरून कुंता होती, त्याची बायको.

"अवो, लायन तोडून राह्यले म्हनत होते ना तुमी? इथी नळाले धो धो पानी येऊन राह्यलं. गार गार! काय करू?"

इस्तारीने दोन तोंडांमधल्या हातभर रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"सारे भांडे भरून घे," तो म्हणाला. "मंगरूनं सोडलं."