दंडावरची टिकली

शिवकांतला लहानपणापासून शुगर होती. यंदा डॉक्टरांनी त्याच्या दंडावर टिकलीएवढा नॅनो सेन्सर बसवला आणि रोज बोटात सुई टोचून घ्यायचं संपलं. रक्तातली साखर उतरू लागली, की मोबाइलवर अलार्म वाजायचा. शिवकांत लय खूश होता.

पालमहून मानवतला मुलगी बघायला निघताना मात्र त्याची आई सिद्धम्मा म्हणाली, "तिथं त्याचं नाव काढू नको. अंगात मशीन हाय म्हणल्यावर कोण पोरगी देईल?"

त्याला ते पटलं नाही, पण त्याने मान डोलावली.

पोह्यांच्या बशा आल्या. महेश्वरी समोर येऊन बसली. दोघांच्या गप्पा छान रंगल्या होत्या, तेवढ्यात अलार्म घणघणला. सिद्धम्माचा चेहरा उतरला. शिवकांतने मात्र सरळ बाही वर केली.

"मला शुगर हाय. साखर कमी झाली, की हे मशीन सांगतंय. आधीच सांगायला पाहिजे होतं, चुकलं आमचं."

त्याने खिशातून साखरेची पुडी काढली आणि चिमूटभर तोंडात टाकली. महेश्वरीचे वडील मान खाली घालून बसले होते. शिवकांतने मोबाइल बघितला. त्यात त्याची साखर एकदम ठीक दिसत होती. अलार्म तरीही वाजतच होता.

 

महेश्वरीने हसत हात पुढे केला, "ती पुडी इकडं द्या. माझा वाजायलाय."