सत्काराचा फोटो

भोकरदनला रेणुकाच्या स्टुडिओत बद्रीनाथभाऊ बायकोला घेऊन आले. गावच्या तंटामुक्ती समितीचे ते अध्यक्ष. दोघांचा जोडीनं सत्कार होता आणि बॅनरसाठी फोटो हवा होता. नंदाबाईंचा डावा गाल पावडर थापूनही काळानिळा दिसत होता.

"ताई, लाइट तिकडून मारा, हिच्या ह्या गालावर सावली पडू द्या," मिशीवरून कंगवा फिरवत बद्रीनाथभाऊ म्हणाले. "मोरीत घसरून पडली येडी. बॅनर कसं, बिलकुल भारी दिसलं पाहिजे."

वर ते हसले. रेणुकाला त्या हसण्याची किळस आली. त्याहून जास्त आली ती स्वतःच्या हातांची, कारण ते सवयीनं लाइटचा स्टँड बाजूला ओढूही लागले होते. तिनं स्टँड सोडला आणि नंदाबाईंजवळ वाकून विचारलं, "मावशी, तुम्ही सांगा. लाइट कुठून टाकू?"

नंदाबाईंनी पदरानं गालावरची पावडर पुसून काढली.

"समोरून टाक, माय," त्या म्हणाल्या. "अन् ह्यांचा हात बी फोटोत येऊ दे."