हाडांचा बांध

कालिंदी तांडेल भाताची वाटी घेऊन किनाऱ्यावर पोचली, तेव्हा बांधाला करवत लागली होती. शिंपणा बेटावर माणूस गेला की त्याला जाळत नसत; बांधातल्या पोवळ्याच्या हवाली करत. प्रयोगशाळेत घडवलेलं ते पोवळं हाडं पचवून वाढायचं आणि दर्या थोपवायचं. कालिंदीचा नवरा त्याच बांधात होता. जेवायच्या आधी पहिला घास ती त्याच्यापुढे ठेवी.

"काकी, मागे व्हा," सरकारी इंजिनिअर ओरडला. "राजधानीतल्या विमानतळाची धावपट्टी खचतेय. हा बांध कापून तिकडे न्यायचाय."

"आणि आमचं गाव?"

"गावाला नवा बांध मंजूर झालाय की!"

"कुठंय तो?"

"पोवळ्याचं बी आणलंय. आता... वाढवावा लागेल." त्याची नजर जमलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांवरून फिरली आणि चटकन खाली वळली.

कालिंदी काय ते उमजली. वाटीतला पहिला घास तिने स्वतःच्याच तोंडात घातला आणि सावकाश चावून गिळला.

"बरं तर, साहेब," ती म्हणाली. "आम्ही मरेपर्यंत जरा दम धर, एवढं दर्याला सांगून जा."