वरच्या मजल्याची आवड

"किती छान आहे हा!" असं म्हणत तोमोएबाईंनी कानातला इयरफोन काढला आणि परत खुंटीला लावला.

ओसाकातल्या त्या दुकानात भिंतभर इयरफोन टांगलेले होते. हवा तो उचलावा, कानात घालावा, मन भरेपर्यंत ऐकावं, कुणी हटकत नाही. तोमोएबाई जेवणवेळेपासून तेच करत होत्या. त्यांच्या मागून फिरणारी विक्रेती निनोमिया हसतमुख होती, पण अस्सल ओसाकाची. पोटातलं ओठावर यायला तिला वेळ लागत नसे.

"आजी, तुम्ही क्योटोच्या ना?"

"कशावरून गं?"

"ज्याला ज्याला छान म्हणालात, तो तो परत ठेवलात."

तोमोएबाईंना हसू आलं. "मला नकोय बाई. आमच्या वर मुकाई-सान राहतात, सिटी बस चालवतात. त्यांना द्यायचाय."

"वाढदिवस आहे?"

"छे. आभार मानायचेत."

ते काही खोटं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात तोमोएबाई तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं. तरी या माणसाला कसं कळलं कुणास ठाऊक, ताप उतरेपर्यंत रोज भाताची गरम पेज दाराशी ठेवून जायचा. असा शेजारी मिळायला भाग्य लागतं, असं त्या सगळ्यांना सांगत.

फक्त एकच होतं. संध्याकाळी मुकाई ड्यूटीवरून आला की वर गाणी सुरू व्हायची आणि तोमोएबाईंचं छत धडधडायला लागायचं. झोपेचं खोबरं झालं होतं. नागोयाची लेक फोनवर म्हणायची, "आई, केवढा गलका गं तुझ्याकडे! पुरे झालं ते घर, इकडे ये राहायला." तोमोएबाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नवऱ्याबरोबर संसार केलेलं घर होतं ते. सोडायचं कसं?

आता क्योटोत कुणी कुणाला 'आवाज कमी करा' असं तोंडावर म्हणत नाही. तसं बोलणं रानटी समजतात. तोमोएबाई रीतीप्रमाणे जिन्यात म्हणाल्या होत्या, "मुकाई-सान, गाण्याची किती हौस हो तुम्हाला! ऐकून आम्हीसुद्धा तरुण होतो." क्योटोचा माणूस असता तर कानापर्यंत लाल होऊन त्याच रात्री गप्प झाला असता. पण मुकाई पडला उत्तरेकडच्या होक्काइदोचा. "आवडतं तुम्हाला? बरं वाटलं!" म्हणत कमरेत वाकला आणि वर जाऊन गाणी लावली.

म्हणून हा इयरफोन. तो त्याला इतका आवडायला हवा होता, की कानातून काढूच नये. नाहीतर भेट खणात जाणार आणि तोमोएबाई नागोयाला.

"त्यांना आवाज कसा लागतो?" निनोमियाने विचारलं. "खर्ज भरदार, गळा पुढे, की वरचे सूर चमकदार?"

"खर्ज. त्यांच्याकडून दुसरं काही येतच नाही."

"अहो आजी, छतातून कुणाचंही गाणं आलं तरी खर्जच उतरतो. गाणारी बिचारी वरच राहते!"

तोमोएबाईंचा चेहरा पडला. "मग कळायचं कसं?"

"गाणी चालू असताना करतात काय ते?"

"येरझाऱ्या घालतात." त्यांनी आठवून पाहिलं. "मध्येच धडधड थांबते ना, तेव्हा पावलंही थांबतात."

"बघा! धडधड थांबली म्हणजे तिथे नुसता गळा असणार. तो ऐकायला उभे राहतात ते. खर्ज बेताचा, गळा पुढे, असा द्यायचा."

तिने आणखी काही नमुने आणले. एक चंदेरी इयरफोन देताना ती म्हणाली, "हा जपून हं. वरचे सूर कानाला टोचतात."

"टोचतात कुठे? लोण्यासारखा मऊ तर आहे."

पलीकडच्या गिऱ्हाइकाने वळून पाहिलं. निनोमियाने हलकेच इयरफोनचा आवाज कमी केला आणि एक तपकिरी जोड पुढे केला. "माझं ऐका. हाच न्या."

तोमोएबाईंनी तो घेतला आणि खोल वाकून नमस्कार केला. परक्या पोरीने आपल्यासाठी एवढा जीव टाकावा, याने त्यांचे डोळे भरून आले होते.

मुकाईने भेट दोन्ही हातांनी घेतली आणि दारातच कानात घातली. बराच वेळ तो हललाच नाही.

"तोमोए-सान," तो शेवटी म्हणाला, "ती समोर उभी राहून गातेय हो!"

त्या रात्री छत गप्प होतं. दुसऱ्या रात्रीही. तोमोएबाईंनी आपली मालिका निवांत पाहिली, गाढ झोपल्या, आणि सकाळी देव्हाऱ्यातल्या नवऱ्याच्या फोटोला सांगितलं, की आता कुठेही जायचं नाही.

रविवारी मुकाई खाली आला. हातात सुंदर कागदात बांधलेलं खोकं होतं. भेटीची परतभेट द्यायचीच असते. मिठाई असणार, तोमोएबाईंनी ओळखलं.

"तुमचे उपकार कसे फेडू?" मुकाई वाकून म्हणाला. "इथे आल्यापासून मला कधी वर्तमानपत्र घ्यावं लागलं नाही. पहाटेच्या बातम्या, रात्रीची मालिका, सगळं घरबसल्या कळतं. तुमचीच कृपा."

तोमोएबाई गहिवरल्या. उत्तरेकडची माणसं किती निर्मळ! जे मनात, तेच ओठावर. तो जिना चढून दिसेनासा होईपर्यंत त्या वाकून उभ्या राहिल्या.

मग त्यांनी कागद न फाटू देता गाठ सोडली. आत टीव्हीला जोडायचा बिनतारी हेडफोन होता, आणि खोक्यावर मोठ्या ठळक अक्षरांत छापलं होतं : ऐकू कमी येणाऱ्यांसाठी.