पिवळा चाप

वॉशिंग मशीनचं सॉफ्टवेअर तपासायला कंपनीने दुसरं सॉफ्टवेअर आणलं होतं. चाचण्या तेच रचायचं. तपासनीस म्हणून तिने नुसतं 'बरोबर' किंवा 'चूक' दाबायचं. सकाळपासून तिने मुकाट्याने 'बरोबर'च दाबलं होतं. मग पडद्यावर आलं: "दार बंद. आतलं वजन आपोआप हललं. तरी मशीनने पाणी सोडलं. बरोबर?" तिचं बोट थबकलं. "दाब की," साहेब म्हणाले. "संध्याकाळी नवं मॉडेल बाजारात पाठवायचंय. कपडे काय स्वतःहून हलतात?" तिने पर्समधून केसांचा चिमुकला पिवळा चाप काढून टेबलावर ठेवला. "काल आमच्या मशीनमध्ये सापडला. लेकीसकट. मी बटण दाबणारच होते." "अगं, एखादं पोर शिरतं कधीतरी..." "माझ्याकडे तेवढं एकच आहे, साहेब." "अडवलंस तर नोकरीवर बेतेल." "बेतू दे." तिने 'चूक' दाबलं. लाल पट्टी उमटली, मॉडेल अडलं, खाली चौकट उघडली: "कारण लिहा." तिने लिहिलं, "लपाछपी."