थोरलीकडे किती?

शिरगणतीच्या मास्तरीणबाई दारात आल्या, तसं आजीनंच आधी विचारलं, "वरच्या आळीत माझी थोरली जाऊ राहते. तिच्याकडे किती माणसं?"

वाटण्या झाल्यापासून दोघी जावांनी एकमेकींचा उंबरा ओलांडला नव्हता.

"सात सांगितली त्यांनी."

आजीच्या पोटात दुखलं. "मेलीचं नशीबच थोर! पोरं-सुना अजून धरून आहेत तिला. माझ्याकडे आठ लिहा."

"आहेत कुठे सगळे?"

"जेवून आत झोपलेत. हळू बोला."

बाईंनी उंबऱ्याबाहेरच्या एकुलत्या एक चपलांच्या जोडाकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

 

"आजी, त्यांचेही सगळे आत झोपलेत. आणि त्यांच्याही दाराशी चपलांचा एकच जोड आहे."